७ फूट ४ इंच

आमच्या दुकानातल्या आतल्या दाराच्या चौकटीवर दोन रेघा आहेत. खालची ५ फुटांवर, २६ जुलै २००५ ची. वरची ७ फूट ४ इंचांवर, २२ जुलै २०२१ ची. दोन्ही अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पाणी उतरल्यावर लगेच खिळ्याने कोरून ठेवल्या. चौकट जुन्या सागाची. दोन्ही पुरांतून ती तशीच्या तशी राहिली.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, त्याच्या मागे स्वयंपाकघर, वर राहतं घर. डोळे तपासायचं काम माझं, काच घासून फ्रेममध्ये बसवायचं काम नवऱ्याचं आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं काम अण्णांचं. २०२१ च्या त्या रात्री पाणी इतक्या वेगाने चढलं की आम्ही माणसं आणि हाताला लागल्या तेवढ्या फ्रेम वर नेऊ शकलो. ऑटो-रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे डोळ्यांचा नंबर काढायचं मशीन, काच घासायचं मशीन, फ्रिज, इन्व्हर्टर, सगळं खालीच राहिलं. शेजारपाजारचे मिळून १४ जण दीड दिवस आमच्या वरच्या दोन खोल्यांत होते.

पाणी उतरल्यावर घोट्याच्या वरपर्यंत गाळ. तो काढता काढता मी एक वही केली. त्या वेळी डोक्यात आराखडा वगैरे काही नव्हता, पंचनाम्याला लागेल म्हणून लिहीत होते. पण पुढे सगळं काम त्या वहीवरच उभं राहिलं. काय टिकलं आणि काय गेलं, एवढंच तिच्यात आहे. पार्टिकल बोर्डचं काउंटर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालं होतं, हात लावला की भुगा. एमडीएफचे दरवाजे दीडपट फुगले. कमर्शियल प्लायचे पापुद्रे सुटले. फॉल्स सीलिंग ९ फुटांवर होतं, तिथवर पाणी पोचलंसुद्धा नव्हतं, तरी आठ दिवस कोंडलेल्या दमटपणाने पीओपी खाली लोंबलं. लोखंडी कपाटांची कुलपं गंजून बसली. आणि टिकलं काय? मागच्या स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या फळ्या. पाइप लावून धुतल्या, झालं. आजेसासूबाईंच्या वेळचं फणसाचं फडताळ. सावलीत वाळवलं तेव्हा एका दाराला थोडा पीळ पडला, तो रंधा मारून गेला. आणि ती चौकट.

एक चूक आमच्या हातून झाली, ती आधी सांगते. गणपती १० सप्टेंबरला होते. घरात गणपती यायचे आणि भिंतीवर गाळाचे डाग, हे कोणालाच सहन होईना. ऑगस्टअखेरीस भिंती धुतल्या, पुट्टी मारली, रंग दिला. गणपतीत घर सुरेख दिसलं. दसऱ्यापर्यंत त्याच भिंतींना लोणा फुटला. पांढरी पूड, तिच्यामागे रंगाचे फुगे, बोट लावलं की पुट्टीसकट खाली. आमच्या भिंती जांभ्या दगडाच्या, चिऱ्यांच्या. चिरा स्पंजासारखा पाणी पितो आणि वरून सिमेंटचा गिलावा असला की ते पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. कोकणच्या पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की भिंत वाळणार कुठे? रंगाचे बावीस हजार पाण्यात गेले.

मग एका जुन्या गवंड्याने साधा उपाय सांगितला. दोन फूट चौकोनी प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावायचा आणि दोन दिवस ठेवायचा. आतून घाम धरला तर भिंत ओली. आमच्या भिंतींनी दिवाळी उलटली तरी घाम धरला. शेवटी खालच्या मजल्याचा सिमेंटचा गिलावा ८ फुटांपर्यंत खरवडून काढला आणि चिरा उघडा ठेवला. दुकान तसंच चालू ठेवलं, लाल भिंती, दोन टेबलं, एक बल्ब. जानेवारीच्या मध्यावर प्लास्टिक आतून कोरडं निघालं. ज्यांच्या घरात पाणी शिरलंय त्यांना मी हात जोडून सांगते, भिंत वाळल्याशिवाय एक रुपयाचंही काम आत काढू नका.

दरम्यान एका ओळखीने आम्ही बाहेरगावच्या एका डिझायनरकडून आराखडा करून घेतला होता. कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र फार देखणं होतं. लाकडासारखं लॅमिनेट, जमिनीपासून छतापर्यंत काचेची कपाटं, त्यांत पिवळे दिवे, खाली गोल सोफा. अण्णांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि पेन्सिलने त्यावर एक आडवी रेघ मारली. रेघेच्या खाली सगळं दुकान होतं, वर फक्त छत.

माझी शाळेतली एक मैत्रीण रत्नागिरीत इंटिरियरचं काम करते. ती आली, चपला बाहेर काढल्या आणि पहिला प्रश्न विचारला, “पाणी कुठवर आलं होतं ते दाखव.” मी चौकट दाखवली, वही दिली. तिने दोन्ही रेघांची मापं घेतली आणि खडूने त्याच उंचीच्या रेघा दुकानाच्या चारही भिंतींवर ओढल्या. मग म्हणाली, “आपल्याला जमिनीचा नकाशा नंतर लागेल. आधी भिंतींचा काढू.”

हे मला तेव्हा नवीन होतं. घराचा नकाशा म्हटला की आपण वरून पाहिल्यासारखा बघतो, सोफा इथे, टेबल तिथे. तिने चार भिंती चार कागदांवर उभ्या काढल्या आणि प्रत्येक वस्तू कुठे बसते यापेक्षा किती उंचीवर बसते ते लिहिलं. मग तीन रंग. निळं म्हणजे भिजलं तरी चालेल. हिरवं म्हणजे उचलून वर नेता येईल. लाल म्हणजे कायम ७ फूट ४ इंचांच्या वरच राहील. “प्रत्येक वस्तूला रंग मिळाला पाहिजे,” ती म्हणाली, “ज्याला मिळणार नाही ते दुकानात आणायचं नाही.” गोल सोफ्याला रंग मिळाला नाही. त्याच्या जागी भिंतीला लागून कडप्प्याचा बाक आला, वर दोन सुट्या गाद्या.

तिने आणखी एक काम लावलं. आठ दिवस मी नोंद ठेवायची, कोण कुठे उभं राहतं, कोणाला कोणाच्या मागून जावं लागतं, किती वेळ बसतात. त्या नोंदीतून एक गोष्ट दिसली जी पंधरा वर्षं डोळ्यांसमोर असून मला दिसली नव्हती. आमचं दुकान १० फूट रुंद आणि २४ फूट खोल. नजर तपासायला तक्ता ६ मीटरवर, म्हणजे सुमारे २० फुटांवर लागतो. म्हणून खुर्ची मागे आणि तक्ता पुढच्या भिंतीवर असा आमचा संसार होता. कोणाची नजर तपासायला घेतली की बाकीच्यांनी मधून जायचं नाही, गेलं की पेशंट म्हणणार, “आता काय होतं ते अक्षर?” एका तपासणीला वीस मिनिटं, तेवढा वेळ सगळं दुकान अडलेलं.

यावरचा उपाय आरसा. तो मला माहीत होता, कॉलेजात शिकले होते, पण आपल्या दुकानात तो बसेल असं कधी वाटलं नव्हतं. मागच्या बाजूला ११ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद खोली काढली. पेशंटची खुर्ची अशी ठेवली की डोळ्यापासून समोरच्या आरशापर्यंत ९ फूट. तक्ता पेशंटच्या मागच्या भिंतीवर, डोक्याच्या वर, अक्षरं उलटी छापलेली. आरशापासून तक्त्यापर्यंत ११ फूट. ९ आणि ११, वीस. ज्या दिवशी मेस्त्रींनी टेप धरून मला ते माप दाखवलं त्या दिवशी मी खरोखर टाळी वाजवली. पुढची १२ फूट जागा गिऱ्हाइकांसाठी मोकळी झाली. आरसा मात्र हिरव्या रंगात गेला, पुरात तो काढून न्यायचा. म्हणून भिंतीत पक्का न करता दोन स्टीलच्या आकड्यांवर टांगलाय.

साहित्याबद्दल घरात बरेच वाद झाले. मेस्त्रींचं म्हणणं, सगळं मरीन प्लायमध्ये करू. मरीन प्लाय, ज्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक लिहिलेला असतो, त्याचा गोंद पाण्याने सुटत नाही हे खरंच आहे. साध्या प्लायचं आयएस ३०३, त्यातही एमआर म्हणजे नुसत्या दमटपणाला टिकणारा आणि बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याच्या चाचणीतून गेलेला, असे दोन प्रकार. शिक्का बघून घ्यायचा, दुकानदाराच्या तोंडावर जायचं नाही. पण मैत्रिणीचा मुद्दा वेगळा होता. प्लाय टिकेल, त्याच्यावरचं लॅमिनेट कडेने सुटेल, आत गाळ शिरेल, तो कसा काढणार? बंद खोकं हीच पुरात अडचण. मला ते पटलं, कारण गाळ काढताना सगळ्यात जास्त वेळ कपाटांच्या खालच्या चार इंची पोकळीत गेला होता. तेव्हा खालचं सगळं उघडं ठेवलं. ३०४ च्या, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या, स्टीलचे चौकोनी पाय, त्यांवर कडप्पा. दारं नाहीत, पाठ नाही, पाइपचं पाणी आरपार जातं. डब्ल्यूपीसीचे, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेले, बोर्ड फक्त खोलीच्या पार्टिशनला वापरले. ते पाणी पीत नाहीत, पण स्क्रूची पकड प्लायइतकी धरत नाहीत, म्हणून वजनाचं काही त्यांच्यावर टांगलेलं नाही. मरीन प्लाय वापरला तो फक्त ट्रेसाठी.

ट्रे हा या सगळ्या कामाचा जीव आहे. फ्रेम भिंतीवर दिसायला हव्यात, हाताच्या उंचीवर हव्यात, म्हणजे त्या पाण्याच्या रेघेखालीच येणार. त्यातून वाट अशी काढली की भिंतीवर स्टीलच्या खाचा आणि त्यांत सरकवलेले २२ ट्रे, प्रत्येकात २४ फ्रेम. ट्रे भिंतीवर असतो तेव्हा शोकेस, बाहेर ओढला की झाकण लावून पेटी. एका माणसाला दोन पेट्या सहज उचलता येतात. पहिला नमुना मेस्त्रींनी सव्वातीन फूट लांब केला. दिसायला तोच चांगला होता. पण आमचा जिना साडेतीन फूट रुंद आणि मध्ये वळण. तो ट्रे घेऊन मी वळणावर अडकले, कोपरा भिंतीला घासला. मेस्त्री खालून बघत होते. काही न बोलता त्यांनी माप पुसलं आणि दोन फूट केलं.

विजेचं काम मी सगळ्यांना मुद्दाम सांगते, कारण त्याला दिखाऊपणा काहीच नाही आणि जीव त्यावर असतो. आधी आमचे पॉइंट जमिनीपासून एक फुटावर होते आणि वायरी फरशीलगत फिरलेल्या. आता सगळ्या वायरी छतातून खाली येतात, सॉकेट ८ फुटांवर, मशीनची वायर वरून लोंबते आणि ओढली की सुटते. खालच्या मजल्याचं सर्किट वेगळं, त्यावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळायला लागली की आपोआप पडणारा खटका, आणि सगळा खालचा मजला बंद करणारा एकच खटका जिन्याच्या वळणावर, इन्व्हर्टरच्या शेजारी. २०२१ मध्ये गुडघाभर पाण्यात उभं राहून नवऱ्याने मेन स्विच बंद केला होता. ते दृश्य मला अजून झोपेत दिसतं.

संडासाच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. पुराचं पाणी दारातून यायच्या आधी तिथून उलटं येतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. दाराला मैत्रिणीने जुन्या पेठेतल्या दुकानांसारख्या फळ्या सुचवल्या. पूर्वी शटर नव्हती तेव्हा खाचेत एकेक फळी सरकवून दुकान बंद करायचे, फळ्यांवर नंबर घातलेले असायचे. तशा तीन फळ्या, दोन फुटांपर्यंत. अण्णा म्हणाले, “पुऱ्या उंचीच्या का नकोत?” तिने समजावलं की बाहेर पाणी पाच फूट आणि आत कोरडं असेल तर तो सगळा दाब भिंतीवर येतो, चिऱ्याची भिंत ढासळू शकते. थोड्या पाण्याला आणि गाळाला अडवायचं, जास्त आलं तर आत येऊ द्यायचं. आपल्याच हाताने पाण्याला आत घ्यायचं, हे पचायला अण्णांना काही दिवस लागले.

भिंतींना पुन्हा सिमेंट नको हे ठरलं होतं. चुन्याचा गिलावा करणारा गवंडी गुहागरच्या बाजूला मिळाला. चुना ओल बाहेर सोडतो, पण सावकाश धरतो. पूर्ण फेब्रुवारी त्यात गेला. वर रंगही चुन्याचाच, थोडी पिवडी घालून. त्या भिंतींवर उजेड फार मऊ पडतो. दिव्यांच्या बाबतीत मी हट्ट धरला होता. चष्म्याच्या दुकानात पिवळा दिवा लावला तर तपकिरी आणि काळी फ्रेम सारखी दिसते आणि गिऱ्हाईक घरी जाऊन नाराज होतं. ४००० केल्विनचे, म्हणजे ना पिवळे ना निळसर, आणि ९० च्या वर सीआरआय असलेले, म्हणजे रंग खरे दाखवणारे, दिवे घेतले, आणि आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोक्यावर नाही. वरून उजेड पडला की डोळ्यांखाली सावली पडते आणि माणसाला आपला चेहरा थकलेला दिसतो.

आता वरचं घर. स्वयंपाकघर खालून वर न्यायचं हे पहिल्याच दिवशी ठरलं. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅब दाखवला, त्याने विटांचं बांधकाम नको सांगितलं, म्हणून ओटा लोखंडी अँगलवर उभा केला. वाद झाला तो उंचीवर. मैत्रिणीने कोपराची उंची मोजली. ओटा कोपराच्या चारपाच इंच खाली हवा. माझ्या हिशेबाने ३४ इंच येत होता, आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हिशेबाने ३० सुद्धा जास्त. आई म्हणाल्या, “तुझ्या मापाने कर, मी काय, आता किती दिवस करणार?” हे ऐकून मी तिथेच म्हटलं की दोन उंच्यांचा ओटा करायचा. शेगडीची बाजू ३० वर, कारण फोडणी आजही त्याच देतात आणि उकळत्या पातेल्यात वाकून बघायचं तर उंची कमीच बरी. सिंक आणि चिरायची बाजू ३४ वर, ती माझी. मध्ये चार इंचांची पायरी आहे. बघणाऱ्याला विचित्र वाटते. आईंची खांदेदुखी कमी झाली, मला एवढं पुरे.

बाहेरच्या खोलीत पलंग ठेवला नाही. भिंतीलगत तीन बाजूंनी फणसाच्या लाकडाची बैठक आहे, १६ इंच उंच, आत गाद्या, सतरंज्या, पाण्याचे चार मोठे कॅन. रात्री पाच जण आडवे होतात, वेळ आली तर १४ माणसं बसतात. ही संख्या मी मैत्रिणीला दिली होती, त्या दीड दिवसाच्या आठवणीतून. त्या वेळी एक म्हातारे गृहस्थ रात्रभर स्टुलावर बसून होते, कारण पाठ टेकायला जागा नव्हती.

काम मे महिन्याच्या शेवटी आटोपलं. खर्च धरला होता ७ लाख, झाला ८ लाख ३५ हजार. जास्तीचं मुख्यतः स्टील आणि विजेत गेलं. वाचलं ते फॉल्स सीलिंग आणि लॅमिनेट न केल्यामुळे.

७ जूनला मैत्रिणीने आम्हाला तालीम करायला लावली. घड्याळ लावून सगळं हिरवं वर न्यायचं. पहिल्या वेळी ४८ मिनिटं लागली. वेळ कुठे गेला ते पाहिलं. ट्रेची झाकणं शोधण्यात आणि काच घासायच्या मशीनचे बोल्ट सोडवण्यात. झाकणं प्रत्येक ट्रेच्या मागेच अडकवली, बोल्टच्या जागी हाताने फिरणाऱ्या चाव्या लावल्या, मशीनखाली दोन बाजूंनी मुठी असलेला पाट केला. दुसऱ्या वेळी २६ मिनिटं. अण्णा वळणावर बसून नंबर मोजत होते.

२०२३ च्या जुलैत एका रात्री धुवाधार पाऊस झाला, वाशिष्ठी नदी फुगली आणि फोन यायला लागले. आम्ही सावकाश, काही न पाडता, सगळं वर नेलं. फळ्या सरकवल्या, वळणावरचा खटका पाडला. आई शेगडीपाशी होत्या, त्यांनी पिठलं टाकलं. शेजारचे सहा जण आले, बैठकीवर बसले, पाठी टेकल्या. पाणी आमच्या पहिल्या पायरीला लागून पहाटे मागे फिरलं. आत आलं नाही. चौकटीवर अण्णांनी काही कोरलं नाही.

सकाळी सगळं पुन्हा खाली आणलं. आरसा आकड्यांवर टांगताना खालच्या कडेचा पारा थोडा तपकिरी झालेला दिसला, पुराने नव्हे, आमच्या इथल्या हवेनेच. तक्त्याची शेवटची ओळ अजून स्वच्छ दिसते. पण नवा सांगून ठेवलाय, कडांना सील लावलेला, आणि या वेळी मागे हातात धरायला दोन मुठी.